उजवा हात कुरुंद्यात, डावा हात सिद्धेश्वरला

फेब्रुवारीत गोवा सोडून कोण जातं? सगळं जग तेव्हा इकडं येत असतं. मी उलटा निघालो. पाठीवर अकॉर्डियन, हातात आठ दिवसांची सुट्टी, आणि काम एकच. पियानोच्या दोन जुन्या विलायती रचना अकॉर्डियनवर कशा बसवायच्या, ते हिंगोली जिल्ह्यातून शोधून आणायचं. तुम्हाला वाटेल पोराचं डोकं फिरलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनाही तसंच वाटलं होतं. म्हणून आधी कारण सांगतो.

मी मडगावजवळच्या एका मोठ्या हॉटेलात लाँड्रीत आहे. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, पुन्हा चादरी. माझं मूळ गाव कळमनुरी तालुक्यात. शाळा सातवीपर्यंत, तीही बाईंना दया आली म्हणून. एका जागी माझा पाय ठरत नाही. गोव्यात ठरला तो अंतोन अंकलमुळं. मी त्यांच्या घरामागच्या खोलीत राहतो. एके काळी ते लग्नांत, नाचांत अकॉर्डियन वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी भाडं द्यायला गेलो तेव्हा त्यांनी ते सहज माझ्या गळ्यात अडकवलं. म्हणाले, "ओड." मी भाता ओढला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तास-दीड तास त्यांच्या व्हरांड्यात बसतो. सिनेमाची गाणी जमतात, गोव्याचे दोन-चार नाच जमतात.

जानेवारीत हॉटेलच्या लॉबीतला पियानो बिघडला. खाऱ्या हवेनं तारा गेल्या म्हणे. पियानो वाजवणारे गृहस्थ दुसरीकडं निघून गेले. कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं की लाँड्रीतला पोरगा काहीतरी वाजवतो. साहेबांनी बोलावलं, दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "हे लग्नात चालेल. आपल्या गेस्टना पियानोवरचं जुनं क्लासिकल लागतं. तसे दोन पीस बसवून आण. फेब्रुवारीअखेरच्या शनिवारी ऐकतो. जमलं तर लॉबीत बस, नाहीतर आपल्या चादरी आहेतच."

आपल्या चादरी आहेतच! हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आता ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या असतात. डाव्या हाताला बटणं असतात, ती वाजवताना दिसत नाहीत, चाचपून दाबायची. मध्ये भाता. म्हणजे पियानोवाल्याचा डावा हात जे करतो ते अकॉर्डियनच्या डाव्या हाताला जसंच्या तसं करता येत नाही, कुणीतरी ते नीट बेतून द्यावं लागतं. इंटरनेटवर असं बेतलेलं मिळतं, पण ते सगळं पाच रेघांच्या लिपीत. मला ती येत नाही. अंकलना येते, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला हवं होतं सा-रे-ग-म मध्ये लिहिलेलं.

शोधता शोधता फोनवर एक व्हिडिओ सापडला. अंगणात पिवळ्याधमक हळदीचा ढीग, पोत्यांवर बसलेला एक म्हातारा, गळ्यात अकॉर्डियन. मी तो अंकलच्या कानाशी धरला. ते खुर्चीत ताठ झाले. "हें पियानाचें मरे! कोण हो मनीस?" खाली गावाचं नाव होतं, कुरुंदा.

कुरुंदा! कळमनुरीत माझी बहीण दिलेली, तिथनं तासाभराच्या अंतरावर. मी विलायत शोधत होतो आणि ती निघाली वसमत तालुक्यात.

मडगावहून पुण्याला ट्रॅव्हल्स, पुण्याहून नांदेडला रेल्वे. ट्रॅव्हल्सवाल्यांना अकॉर्डियन डिकीत टाकू देऊ नका, मांडीवर घ्या. रेल्वेत वरचा बर्थ घ्या आणि ते उशाशी ठेवा. नांदेडला सकाळी उतरलं की समोरच हिंगोलीकडं जाणारी एसटी लागते, ती कळमनुरीवरून जाते. कंडक्टरनं पेटीकडं बघितलं.

"काय हाय हे? शिलाई मशीन?"

"वाजवायचं हाय, मामा. अकॉर्डियन."

"मंग वाजवून दाखव, न्हाईतर लगेज लावतो."

मी उभ्या गाडीत दोन ओळी वाजवल्या. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "लई दिसानं बँडचा आवाज आला बाई. आता निस्ता डीजे धडधडून राहिला." लगेज लागलं नाही. वारंगा फाट्यावर गाडी थांबली की खिचडी खा, सोबत भजी घ्या, आणि मिरची मागून घ्या. पुण्यातली उपाशी रात्र तिथं भरून निघते.

कळमनुरीला पोचलो तर आठवडी बाजार भरलेला. त्या दिवशी स्टँडवरून पायी निघालात तर शेळ्या, मेथीच्या जुड्या आणि भांड्यांची दुकानं यातून वाट काढावी लागते. माझी बहीण सुमन, आम्ही तिला अक्का म्हणतो. दारातच तिनं माझ्या पाठीवरची पेटी बघितली.

"नोकरी सुटली ना? खरं सांग."

"न्हाई सुटली. सुट्टी घेऊन आलो."

"मंग हे काय गळ्यात? बँडात लागलास?"

दाजी आतून हसले. "असू द्या हो. तेवढंच आपल्या पोराच्या मुंजीत फुकट वाजंल."

"आपल्यात कुठं मुंज राहते?" अक्का म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. जेवता जेवता मी सगळं सांगितलं. दाजींनी काही न विचारता मोटारसायकलची किल्ली ताटाशेजारी ठेवली. अक्का मात्र म्हणाली, "शनिवारी न्हाई जमलं तर?"

"तर चादरी."

"चादरी वाईट न्हाईत," ती म्हणाली. "पण तू किती दिवस त्याच धुशील, ते मला ठाऊक हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुंदा. रस्ता आतला, मधेमधे खडी उखडलेली, पण दोन्हीकडं हळदीचा हंगाम चालू. शेतात मोठाल्या कढया लावून हळद शिजत होती, वाफेचा मातकट गोड वास थेट हेल्मेटात शिरतो. तुम्ही जाणार असाल तर याच दिवसांत जा, आणि वाद्य घेऊन जाणार असाल तर त्याला प्लास्टिक गुंडाळा. भात्यात हळदीची धूळ गेली तर काय होतं ते मी आता सांगू शकतो.

गावात विचारलं, "अकॉर्डियन वाजवणारे आजोबा?" पोरानं बोट दाखवलं. "बाबूराव मास्तर? त्ये काय, हळदीपाशी."

मास्तर पंच्याहत्तरीच्या पुढचे. धोतर, डोक्याला टॉवेल, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. वीस-बावीस माणसांची बँड पार्टी होती त्यांची, पार पुसद-जिंतूरहून लग्नांच्या सुपाऱ्या यायच्या. आता पार्टी मोडलेली, मुलगा हळद बघतो, हे वाळवणाची राखण करतात. मी पाया पडलो, काम सांगितलं.

"गोव्याहून?" ते म्हणाले. "यासाठी? काहून, तिकडं समुद्र आटला का?"

मग म्हणाले, "आधी ती हळद उलटीपालटी कर. मी तवर आठवतो."

दोन तास मी भर उन्हात हळद खालीवर करत होतो. ते आठवत वगैरे काही नव्हते, तंबाखू मळत होते. पण तेवढ्यात गोष्ट सांगून झाली. तरुणपणी ते सिकंदराबादला एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मॅडम पोरांना पियानो शिकवायच्या. एकेक रचना पोरं सहा-सहा महिने घोटायची, आणि खाली यांचं पेटी दुरुस्त करता करता पाठांतर व्हायचं. "पोरं जिथं चुकायची तिथं मी बी चुकूनच शिकलो. बराबर काय ते मला आजून ठाऊक न्हाई." गावी येऊन पार्टी काढली तेव्हा त्यांनी त्या रचना सा-रे-ग-म मध्ये लिहून अकॉर्डियनवर बसवल्या. नावं कुणाला ठाऊक, म्हणून नंबर दिले.

"आणि मास्तर, लग्नात लोक ऐकायचे हे?"

"लग्नात कोण ऐकतंय? पंगत बसली की वाजवायचो. मागं लोक ताटकळले असले, पंगत लवकर उठवायची असली, की नंबर सात. लई पळतो तो. माणूस घास न चावता गिळायचा. आन् वरण कमी पडलं, आचारी दुसरं टाकून राहिला, की नंबर अकरा. त्याच्यात माणूस इतका हळू जेवतो, वरण शिजून येईपर्यंत भाताचं आळं करत बसतो. यजमान मुद्दाम येऊन सांगायचे, मास्तर, अकरा लावा, तकलीफ झाली!"

मला तर वाटलं काम फत्ते. एक पळणारा, एक शांत. लॉबीला अजून काय पाहिजे?

मास्तरांनी आतून वही आणली. पुठ्ठ्याची, कडा खाल्लेल्या. मी फोन काढला तर माझ्या हातावर चापट बसली.

"फोटो न्हाई. हातानं उतरव. हातानं लिहिलेलं हातात उतरतं."

सातवीनंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं. अख्खी दुपार गेली. स्वरांच्या खाली-वर टिंबं, आणि मधेमधे बारीक 'ओ' आणि 'दा'. ओ म्हणजे भाता ओढ, दा म्हणजे दाब. हे कुठल्याच व्हिडिओत मिळत नाही बरं का. पियानोला दम लागत नाही, अकॉर्डियनला लागतो. तो कुठं घ्यायचा हे या माणसानं ओळीओळीला ठरवून ठेवलं होतं. मास्तरांच्या सूनबाई दोनदा चहा ठेवून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "पेपर चालू हाय का? कॉपी तर करून राहिलास."

संध्याकाळी दोन्ही नंबर उतरवून झाले आणि मी विचारलं, "मास्तर, डावा हात कुठंय?"

"कसला डावा?"

"डाव्या हाताचं. बटणांचं."

"डाव्यानं मी भाता ओढायचो. बटणं मी जल्मात दाबली न्हाईत. डाव्या हाताचं काम बासवाला करायचा."

बास म्हणजे बँडमधला तो सगळ्यात मोठा पितळी भोंगा, जो माणसाला पोटाशी धरून उभा राहतो. आणि इथं मला बँडवाल्यांची एक रीत कळली, जी ऐकून मी त्या पोत्यावर बसूनच राहिलो. मास्तर कुणालाही अख्खं गाणं लिहून द्यायचे नाहीत. क्लॅरिनेटला क्लॅरिनेटचं, बासला बासचं. ज्याची वही त्याच्यापाशी. कारण अख्खं गाणं हातात आलं की माणूस दुसरी पार्टी काढतो. मास्तर बासवाल्याला त्याचे स्वर तोंडानं सांगायचे, तो आपल्या वहीत उतरवायचा. मास्तरांकडंसुद्धा ते लिहिलेलं नाही.

"मग बासवाले कुठं असतात?"

मास्तरांनी तोंड फिरवलं. "त्याचं नाव काढायचं न्हाई."

नाव सूनबाईंनी मागच्या दारात सांगितलं. नामदेव. सिद्धेश्वरला असतो, धरणावर. अठरा वर्षांपूर्वी तो मास्तरांना सोडून कळमनुरीच्या एका पार्टीत गेला. मास्तरांच्या मनात बसलं की यानं वही विकली, आपले नंबर तिकडं दिले. तेव्हापासून बोलणं बंद.

म्हणजे हिशेब असा झाला. गुरुवार संध्याकाळ. उजवा हात कुरुंद्यात मिळाला होता. डावा हात सिद्धेश्वरला होता, आणि तो विकला गेला असेल तर कुठंच नव्हता. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी लॉबीत बसायचं, आणि त्याआधी सोमवारी सकाळी नांदेडहून गाडी.

शुक्रवारी पहाटे निघालो. औंढ्याला आधी नागनाथाचं दर्शन घेतलं, म्हटलं जमलं तर बघा देवा. देवळाबाहेर पोहे चांगले मिळतात. तिथनं सिद्धेश्वरकडं वळलं की हवा बदलते. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, दोन्ही बाजूंना गहू, आणि मग एकदम समोर पूर्णेचं अडवलेलं पाणी. मी दोन मिनिटं गाडी थांबवली. गोव्यात राहून पाण्याचं कौतुक संपतं म्हणतात, तसं काही नाही.

नामदेवकाका काठावर बसून जाळं दुरुस्त करत होते. वय पासष्टीचं, छाती अजून पिंपासारखी. बाजूला मुलाची होडी. मी नमस्कार केला, कुरुंद्याचं नाव घेतलं आणि त्यांची सुई थांबली.

"त्यानं पाठवलं?"

"न्हाई काका. मीच आलो."

"मंग जेव आन् जा. मी आता फकस्त जाळं विणतो."

काकूंनी तळलेला मासा दिला. वर तिखट-मीठ आणि ती तिकडची हळद, बस. मी गोव्यात राहतो तरी सांगतो, असा मासा खाल्ला नव्हता. खाल्ला आणि हात धुऊन पेटी काढली. अजून काय करणार? काठावरच दगडावर बसून नंबर अकरा सुरू केला. फक्त उजवा हात, वही गुडघ्यावर.

चार ओळी झाल्या असतील.

"घाई काहून करून राहिला तू?" जाळ्यात मान घालूनच काका म्हणाले. "तिथं माझं दोनदा येतं. मला यिऊ तर दे."

"तुमचं काय येतं ते मला कुठं ठाऊक हाय?"

त्यांनी वैतागून गालात हवा भरली आणि तोंडानंच सुरू केलं. भुम्... भुम् भुम्... आणि काय सांगू, तेच सूर कालपासून एका पायावर उभे होते, त्यांना दुसरा पाय आला. मी थांबलो तर ओरडले, "वाजीव की!"

शेवटपर्यंत आलो तेव्हा एक गोंधळ झाला. माझी ओळ संपली होती, पुढची सुरू केली, तर ते अजून मागंच. तीनदा तसंच.

"काका, इथं चार ठोके जास्त होतात तुमचे."

"जास्त न्हाईत. तिथं मास्तर वाजवत नसायचा."

"काहून?"

"अरे, तिथं आला की नवरदेवाचा मामा नोट ओवाळून पुढं धरायचा. मास्तर उजव्या हातानं नोट घ्यायचा, खिशात घालायचा, तवर मी एकटा." ते पहिल्यांदा हसले. "अख्ख्या गाण्यात ते चार ठोके माझ्या एकट्याचे. लोकं तेवढ्यातच माझ्याकडं बघायची."

वही त्यांच्याकडं होती. छताच्या वाशाला टांगलेल्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये बांधलेली. सात, अकरा, सगळे नंबर. फोटो काढू का विचारलं नाही, सरळ पेन काढलं. काकूंनी दिलेल्या पाटावर ठेवून उतरवत बसलो. इथं मात्र मला मदत झाली. काका वाचायचे, मी लिहायचो, आणि चुकलो की डोक्यात टपली.

निघताना त्यांनी फोन नंबर दिला आणि म्हणाले, "मास्तरला सांगू न्हको वही मी दिली म्हणून."

शनिवारभर अक्काच्या घरात बसून मी दोन वह्या जोडल्या. बासचा एकेक सूर अकॉर्डियनच्या एकेका बटणावर बरोबर बसतो. मधल्या मात्रांना अंकलनी शिकवलेली साथीची बटणं दाबली की झालं. सांगायला सोपं. अक्काच्या शेजारणीनं दुपारी येऊन विचारलं, "कुणाचं दुखतंय का?" रात्रीपर्यंत नंबर अकरा उभा राहिला आणि सात लंगडत का होईना चालायला लागला.

रविवारी मला थेट नांदेडला जाऊन मुक्काम करता आला असता. पण मी पुन्हा कुरुंद्याला गेलो. खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. मी जे जोडलंय ते बरोबर आहे का हे सांगणारा माणूस जगात एकच होता, आणि तो हळदीपाशी बसला होता. शिवाय नामदेवकाकांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता. म्हटलं, नाव घ्यायचं नाही, नुसतं वाजवायचं.

वाजवलं. मास्तर डोळे मिटून. चार ठोक्यांच्या जागेवर मी उजवा हात उचलला, डावा एकटा चालू ठेवला. मास्तरांचा उजवा हात आपोआप पुढं गेला, हवेत, काहीतरी घ्यायला. मग त्यांनी डोळे उघडले.

"हे नाम्याचं हाय."

मी भाता मिटून पट्टा लावायला लागलो.

"वही हाय त्याच्यापाशी?"

मी गप्प. मुकाट बसणं हेही सांगणंच झालं म्हणा.

मास्तर हळदीकडं वळले. "विकली असती तर त्याच्यापाशी कशी राहिली असती?" ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं, "सूनबाई! ह्या पोराकडं त्याचा फोन नंबर असंल. लावायला सांग."

मी लावला, आवाज मोठा करून पोत्यावर ठेवला.

"कोण?"

"मी. जित्ता हाईस का नाम्या?"

"तुमच्या परवानगीबिगर कसा मरू, मास्तर?"

"वही विकली न्हाई, हे सांगाया काय तोंडात बास होता?"

"तुमी विचारलं का? तुमी तर भर मांडवात बास काढून घेतला माझा. नवरीचा बाप बघत व्हता."

"तू पगार वाढवून मागितला त्या दिशी."

"लेकरू आजारी व्हतं, मास्तर."

मास्तरांनी टॉवेल डोक्यावरून काढला, पुन्हा बांधला. "मला न्हाई सांगितलंस."

"सांगितलं असतं तर?"

"तर काय. दिला असता. शिव्या घालून दिला असता."

तिकडून खोकल्यासारखं हसू आलं. "मासळी खाता का आजून?"

"दात न्हाईत."

"काटा काढून देतो. या."

फोन ठेवल्यावर मास्तर माझ्याकडं वळले. मला वाटलं आता आशीर्वाद वगैरे. ते म्हणाले, "नंबर सातात डावा तुझा घसरून राहिला. बस. नीट होईस्तोवर जायचं न्हाई." आणि मला अंधार पडेपर्यंत बसवलं. उठताना मी विचारलं, हे दुसऱ्या कुणाला हवं असेल तर देऊ का? विचार करून म्हणाले, "द्यायचं तर समोर बसवून दे. कागद हातात देऊन मोकळा होऊ न्हको." तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणी अकॉर्डियन वाजवत असेल आणि सा-रे-ग-म मध्ये पियानोचं काही शोधत असेल, तर मडगावला या. चहा माझ्याकडून, आणि वही-पेन तुमचं.

परतीचा प्रवास तोच, फक्त उलटा. अंतोन अंकलनी व्हरांड्यात दोन्ही नंबर ऐकले. सातव्याच्या मध्यात खो खो हसायला लागले. तिथं एक सूर चुकीचा आहे म्हणाले, शिकाऊ पोरं हमखास तिथंच घसरतात. सिकंदराबादच्या कुठल्यातरी पोरानं पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी केलेली चूक. मी तेवढी सुधारली. अकराव्यातले चार ठोके मात्र अंकलनी हात लावू दिले नाहीत. पियानोत ते नाहीत म्हणाले, पण असायला हवे होते.

शनिवारी दुपारी चारला लॉबी. साहेब, रिसेप्शनच्या दोघी, सोफ्यावर एक वयस्कर परदेशी जोडपं, आणि चादरींची गाडी ढकलता ढकलता थांबलेले लाँड्रीतले माझेच तिघे. सात वाजवला. डावा एकदा घसरला, पण तो नंबर पळणाराच आहे, घसरणं खपून गेलं. मग अकरा. चार ठोक्यांना उजवा हात उचलला तेव्हा सोफ्यावरच्या बाईंनी पुस्तकातून मान वर केली. शेवटी टाळ्या पडल्या असं नाही सांगणार. साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि मग ते बाजूला करून म्हणाले, "शुक्रवार आणि शनिवार. सात ते नऊ. बाकी दिवस लाँड्री."

दोन दिवस तर दोन दिवस! अक्काला फोन केला तर ती म्हणाली, पाच दिवस चादरीच ना अजून? आणि मग फोनवरच रडली. मास्तरांना फोन केला तर ते घरी नव्हते. सूनबाई म्हणाल्या, सिद्धेश्वरला गेलेत, दोन दिवस झाले, येऊन राहिले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चांगलं चाललंय म्हणाले. मग ड्रॉवरमधून एक फाइल काढली. "त्या पीसेसची एक कॉपी इथं लावून ठेव. उद्या तू नसलास तर दुसऱ्या कुणाला देता येईल."

मी दुसऱ्या दिवशी हातानं उतरवलेली प्रत नेली आणि फाइलला लावली. उजव्या हाताची.

साहेबांनी पानं उलटली. "अर्धंच दिसतंय."

"हो सर. आमच्याकडं अख्खं कुणाला देत नसतात. ज्याला हवंय त्यानं माझ्यासमोर येऊन बसावं, मी शिकवतो."

"आणि तू सुट्टीवर गेलास तर?"

"तर त्या दिवशी वाजणार नाही."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि फाइल मिटली. मी खाली लाँड्रीत आलो, मशीन लावलं. आजवर मी जितक्या नोकऱ्या सोडल्या, तिथं दुसऱ्या सकाळी माझ्या जागी दुसरा माणूस उभा होता.